ओळखीच्या माणसाचा चेहरा मीमसाठी वापरावा का?

धागाकर्ती, म्हापसा
पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजण्याआधी घरच्या गटावर दोन-चार मीम्स येऊन पडलेली असतात आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ओळखीच्या, साध्या माणसाचा चेहरा उचलून केलेल्या मीम्सबद्दल. आमच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका मावशींचा बांगड्याच्या भावावरून गिऱ्हाइकाशी खटका उडाला. जून-जुलैची 61 दिवसांची मासेमारीबंदी चालू असताना भाव चढणारच. पण कुणीतरी व्हिडिओ काढला आणि त्यातला कपाळाला आठ्या घातलेला, हात उगारलेला क्षण कापून स्टिकर केला. आता कुणी उसने पैसे मागितले, की उत्तर म्हणून तोच चेहरा पाठवला जातो. भाच्याने तो दाखवल्यापासून मावशी समोरच्याने मोबाइल हातात घेतला, की पदर ओढून मान फिरवतात. गोव्यासारख्या लहान राज्यात असा चेहरा अनोळखी राहत नाही, तो फेरीबोटीत आणि जत्रेत समोर येतो. म्हणून संमतीशिवाय असे मीम करू नये आणि पुढेही पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे.

तियात्रप्रेमी, मडगाव
मला हे पटत नाही. तियात्रातल्या, म्हणजे कोंकणी नाटकातल्या, कांतारांत (गाण्यांत) मंत्र्यांची नावे घेऊन त्यांची टर उडवली जाते आणि प्रेक्षक ती डोक्यावर घेतात. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी बाजारातल्या बाया आणि कचेरीतले कारकून यांच्या लकबींतूनच गोवा उभा केला. संमतीची अट घातली, तर तिचा पहिला लाभ सत्ताधारीच उठवतील. 2012 साली मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल कोलकात्यातल्या एका प्राध्यापकांना अटक झाली. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले, तरी त्यांना आरोपमुक्त व्हायला 2023 उजाडले.

धागाकर्ती
मंत्री आणि मासळीवाली यांना एकाच तराजूत कसे घालता येईल? मिरांडांच्या चित्रातली बाई बाजारातली म्हणून ओळखू येते, अमक्याच्या घरची म्हणून नव्हे.

शिक्षक, फोंडा
बाईंशी मी सहमत आहे. कॅनडातल्या क्युबेकमधील एका शाळकरी मुलाने 2002 मध्ये काठी फिरवत स्वतःचा व्हिडिओ काढला. सोबत्यांनी तो 2003 मध्ये परस्पर इंटरनेटवर टाकला आणि जगभर हशा पिकला. त्या मुलाला मात्र शाळा सोडावी लागली. कुटुंबाने दावा लावला आणि 2006 मध्ये तडजोड झाली, पण हरवलेली शाळेची वर्षे कोणत्याही तडजोडीने भरून निघत नाहीत. वर्गातल्या मुलाचा जांभई देतानाचा फोटो गटावर फिरतो, तेव्हा तो मुलगा फळ्यापाशी यायचे टाळू लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

विद्यार्थिनी, पणजी
सर, दुसरी बाजूही पाहावी. निकालाच्या आदल्या रात्री 'मला भीती वाटते' असे आम्ही मैत्रिणींना लिहीत नाही, पण एक मीम पाठवतो आणि समोरून तसेच दुसरे आले, की धीर येतो. मुठीत वाळू घट्ट धरलेल्या अमेरिकी बाळाचा 2007 मधला फोटो जगभर गाजला आणि 2015 मध्ये त्याच ओळखीच्या बळावर त्याच्या वडिलांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी पैसे उभे राहिले. प्रत्येक वेळी परवानगी मागत बसलो असतो, तर हे घडले असते का?

शिक्षक, फोंडा
त्याच बाळाचा फोटो 2020 मध्ये एका अमेरिकी संसद सदस्याच्या प्रचारसमितीने निधी गोळा करण्यासाठी वापरला, तेव्हा आई न्यायालयात गेली. 2022 मध्ये ज्युरीने समितीला दोषी धरून 750 डॉलर देवविले. रक्कम किरकोळ आहे आणि निकाल चेहऱ्याच्या हक्कावर नव्हे, फोटोच्या कॉपीराइटवर लागला, पण आपण काढलेला फोटो कुठे लागावा, यात आईचा शब्द असतो, हे त्यातून मान्य झाले.

तियात्रप्रेमी, मडगाव
मासळीवालीपुरते मी मान्य करतो. मग गावच्या पंचाचे काय? कोमुनिदादीच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) अध्यक्षाचे काय? तेही आपले शेजारीच आहेत.

धागाकर्ती
पंचाने ग्रामसभेत जे केले, त्यावर खुशाल मीम करावे आणि बोचेल असे करावे. तो लग्नात नाचताना पडला, तर ते मात्र सोडून द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपने 2018 पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, तरी स्टिकर ज्याच्या मोबाइलमध्ये साठवला गेला, त्याच्याकडून तो परत घेता येत नाही. म्हणून पुढे पाठवणाऱ्यालाच थांबावे लागेल. आमच्या गटात मी तो स्टिकर पुसायला सांगितला. काहींनी पुसला, काही माझ्यावर रागावले.