टीमची निवड ट्रॅकरची लिंक बघून करणं बंद करा

कोथरूडचा_कंट्रोलर

कॉलेजच्या स्पर्धा जवळ आल्या की कोथरूडपासून कात्रजपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो: "व्हॅलोरंट टीमसाठी पाचवा हवाय, ट्रॅकरची लिंक टाका." व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन शूटिंगचा खेळ आणि ट्रॅकर म्हणजे खेळाडूचे आकडे दाखवणारी वेबसाइट. लिंक टाकली की समोरचा केडी (एका मरणामागे किती मारले) आणि एसीएस बघतो आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकतो. खेळ कुणीच बघत नाही. हे बंद व्हायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

एसीएस म्हणजे सरासरी कॉम्बॅट स्कोअर. तो बनतो कसा ते आधी बघा. डॅमेजच्या प्रत्येक पॉइंटला १ गुण. किलचे गुण समोर किती जण जिवंत आहेत त्यावर ठरतात: पाचही जिवंत असताना मारलात तर १५०, मग १३०, ११०, ९० आणि शेवटच्याला मारलात तर ७०. एका राउंडमध्ये एकाहून जास्त मारले तर प्रत्येक जादा किलला ५०. डॅमेज न देता असिस्ट केला तर जेमतेम २५. या सगळ्याची राउंडमागे सरासरी. म्हणजे एकास एक उरलेलं असताना हात न थरथरता जो राउंड काढून देतो, त्याच्या त्या किलला सगळ्यात कमी गुण. आणि सगळ्यांच्या आधी साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) घुसणाऱ्या जेट किंवा रेना या पात्रांना हिशेबातच झुकतं माप.

आता आमच्याच एका मॅचमधला राउंड सांगतो. असेंट हा मॅप, स्कोअर ११-११, आम्ही डिफेन्सला, म्हणजे साइट राखायला. आमची जेट ऑपरेटर (स्नायपर बंदूक) घेऊन ए मेनमध्ये, म्हणजे ए साइटकडे येणाऱ्या वाटेत, डोकावली आणि लगेच मेली. ए साइटवर उरला एकटा ओमेन, म्हणजे स्मोक (धूर) टाकून वाट अडवणारा कंट्रोलर; बाकीचे तिघे मिडला (मधल्या भागात) आणि बी साइटला. ओमेनने ए मेनच्या तोंडावर एक स्मोक टाकला, तो विरता विरता दुसरा. ओमेनचा एक स्मोक १५ सेकंद टिकतो. समोरचे धुरात शिरायला धजले नाहीत, बाहेरच ताटकळले. तेवढ्या वेळात आमचे तिघे रोटेट होऊन (जागा बदलून) वर हेवनला, म्हणजे ए साइटच्या उंच जागेवर, पोचले. धूर विरल्यावर पहिला मेला तो ओमेनच, एकही किल न घेता. राउंड आम्ही जिंकला आणि पुढचा जिंकून मॅचही.

स्कोअरबोर्डवर त्या राउंडचं त्या पोराच्या नावावर काय आहे? एक डेथ. याच पोराला महिनाभर आधी एका टीमने लिंक बघून "नको" म्हटलं होतं.

पण खेळातल्याच करिअर टॅबमध्ये त्याच मॅचवर क्लिक करून टाइमलाइन उघडा. राउंड निवडला की कोण कुठे आणि कुठल्या क्रमाने मेलं ते नकाशावर दिसतं. दोन्ही टीमच्या खिशात किती क्रेडिट (बंदुका घ्यायचे खेळातले पैसे) होते तेही कळतं. २०२५ मध्ये पीसीवर रिप्लेसुद्धा आला, आता अख्खा राउंड कुणाच्याही नजरेतून परत बघता येतो. एवढं सगळं हाताशी असताना दोन आकड्यांवर पोरं नाकारायची, हा आळस आहे. मॅच हिस्टरी ज्याची त्याने शिकण्यासाठी वाचावी. दुसऱ्याला तोलायचं असेल तर त्याचे राउंड बघा.

हेडशॉट_हडपसर

अजिबात पटलं नाही. एक राउंड निवडून त्यावर सिद्धांत मांडता येत नाही. मी ज्या टीमची निवड करतो तिथे एका जागेला वीस-पंचवीस मेसेज येतात. एक रँक्ड मॅच सहज ३५-४० मिनिटांची. सबमिशन चालू असताना प्रत्येकाचे रिप्ले कोण बघत बसणार?

आणि हिस्टरी म्हणजे फक्त केडी हे तुम्हीच ठरवलंत. मी बघतो ते वेगळंच असतं. कुठल्या मॅपवर किती खेळला, किती एजंट (पात्रं) खेळता येतात, सलग हरताना काय होतं. सिल्व्हरसारख्या खालच्या रँकमध्ये महिनोन्महिने अडकलेलं खातं अचानक वरच्या डायमंडला गेलं आणि हेडशॉटची टक्केवारी एका रात्रीत दुप्पट झाली, तर खेळणारा हात दुसराच आहे हे कळतं. पैसे देऊन रँक चढवून घेणारे पुण्यात कमी नाहीत. हे मला हिस्टरी सांगते, एक रिप्ले सांगणार नाही. कंट्रोलरची तुलना मी कंट्रोलरशीच करतो. तुम्ही स्वतः स्मोक टाकता म्हणून हा विषय तुम्हाला जास्त लागलाय, असं वाटतं.

कोथरूडचा_कंट्रोलर

@हेडशॉट_हडपसर, लागलाय, कारण रोज हेच बघतोय. तुम्ही बघता तसं सगळे बघत असते तर धागा काढलाच नसता. बूस्ट केलेलं खातं पकडायला हिस्टरी लागते, हे शंभर टक्के मान्य. पण चोर पकडणं वेगळं आणि चांगला खेळाडू ओळखणं वेगळं. पंचवीस जणांचे रिप्ले नका बघू. पाच जणांना बोलवा, प्रत्येकाला सांगा, हरलेल्या मॅचमधले दोन राउंड स्क्रीन शेअर करून दाखव आणि तिथे तू काय विचार केलास ते बोल. एका संध्याकाळचं काम आहे. जो "टीममेट बेकार होते" यापुढे काही सांगू शकत नाही, त्याचा केडी २ असला तरी मला तो नको.

जेटवाली

दोघांचंही वाचलं. मला धाग्यातला मूळ मुद्दाच धोकादायक वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मुलगी आहे आणि ड्युएलिस्ट, म्हणजे पुढे घुसून मारणारी पात्रं, खेळते. माइक चालू केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, तू सेज घे." सेज म्हणजे मागे राहून टीमला सांभाळणारं पात्र. आमच्या कॉलेजच्या टीमसाठी मी विचारलं तेव्हा "बघू, कळवतो" म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. मग मी लिंक टाकली. त्यांच्या आधीच्या जेटपेक्षा माझे फर्स्ट ब्लड (राउंडमधला पहिला किल) जास्त, पहिल्या डेथ कमी. त्यानंतर कुणाला काही बोलायला जागाच राहिली नाही, मी टीममध्ये आले.

तुम्ही म्हणता पाच जणांना बोलवा आणि बोलकं करा. त्या पाचात मला बोलावलं कुणी असतं? "खेळ बघून" निवड होते तेव्हा बघणारा आपल्या मित्राचाच खेळ बघतो. हॉस्टेलवरचा, एकाच पीजीतला, एकाच कॅफेत बसणारा. आकडा माझं नाव विचारत नाही, आवाज ऐकत नाही. ज्यांना आधीच ओळखतात त्यांना आकड्यांची गरज पडत नाही, आमच्यासारख्यांना पडते.

नऱ्हेचा_रेना

+१ जेटवालीला. पण आकडे खरे असतीलच असं नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मॅच मधेच तुटते. यूपीएस राउटरचा आहे, पीसीचा नाही. हिस्टरीत नुसता पराभव दिसतो, वर मॅच सोडल्याची शिक्षा. कारण लिहायला कुठे जागा नसते.

अकरावीची_आई

मी खेळत नाही, पण वाचतेय. माझ्या मुलाच्या हिस्टरीत प्रत्येक मॅचची वेळ दिसते. क्लासच्या आदल्या रात्री दोन वाजता खेळलेली मॅच मी त्यातच पाहिली. "हिस्टरी ज्याची त्याने वाचावी" हे आई म्हणून मला मान्य नाही.

कोथरूडचा_कंट्रोलर

काकू, तुमचा प्रश्न खरा आहे. मात्र एक विनंती. त्याच्या नकळत बघू नका, त्याच्याच शेजारी बसून बघा. चोरून बघितलंत तर तो दुसरं खातं काढेल, आणि मग तुम्हाला वेळही दिसणार नाही आणि तोही बोलणार नाही.

जुना_सीएसवाला

हिस्टरीची किल्ली कुणाच्या हातात, हा वाद या खेळांमध्ये जुनाच आहे. ओव्हरवॉच या दुसऱ्या शूटिंग खेळात लोक मॅच सुरू व्हायच्या आधीच एकमेकांचे प्रोफाइल उघडून "तू हा हिरो घेऊ नकोस" म्हणून भांडायचे. २०१८ मध्ये तो खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डने प्रोफाइल मुळातच खासगी करून टाकलं, दाखवायचं असेल तर खेळाडूने स्वतः उघडायचं. सीएसमध्ये (काउंटर-स्ट्राइक) लीटिफायसारख्या आकडे दाखवणाऱ्या वेबसाइटला आपल्या मॅच हव्या असतील तर आपल्या स्टीम खात्यावरून कोड काढून आपणच द्यायचा. व्हॅलोरंटच्या ट्रॅकरवरही आपण खेळ बनवणाऱ्या रायटच्या खात्याने साइन इन केल्याशिवाय आपलं पान उघडत नाही. म्हणजे तिन्हीकडे आज दार खेळाडूच उघडतो.

पण "लिंक टाका, नाहीतर विचार होणार नाही" असं म्हटलं की ती मर्जी कागदावरच राहते. माझा आक्षेप तेवढ्यापुरता आहे. जेटवालीने स्वतःहून लिंक टाकली, तो तिचा हक्क. सगळ्यांवर सक्ती नको. आणि सीएसचा डेमो (मॅचचं रेकॉर्डिंग) डाउनलोड करून आपला खेळ समोरच्याच्या नजरेतून एकदा बघा. आपण कोपऱ्यात लपलोय असं वाटत असतं आणि बंदुकीची नळी बाहेर आलेली असते. हे कुठल्याच आकड्यात कळत नाही.

कोथरूडचा_कंट्रोलर

@जेटवाली, तुझा मुद्दा वाचून बराच वेळ विचार केला. ओळखीपाळखीचा रोग आहे, आणि आकड्याने तुला दार उघडून दिलं हे चांगलंच झालं. पण ज्या आकड्याने तुला आत घेतलं, त्याच आकड्याने आमचा ओमेन बाहेर राहिला. ड्युएलिस्टला तो हिशेब साथ देतो, स्मोकवाल्याला देत नाही. मग सेज आणि किलजॉयसारखी साइट राखणारी पात्रं (सेंटिनल) खेळणाऱ्या, कुणाच्याच ओळखीत नसलेल्या मुलीने काय करायचं? तिच्यासाठी लिंकही नाही आणि मित्रही नाही. म्हणून म्हणतो, अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचा एक राउंड बघायचाच, हा नियम करा. नाव, कॉलेज, ग्रुप काही विचारायचं नाही.

जेटवाली

नियम चांगला आहे. पाळणार कोण? कॅप्टन तेच, कॅफे तेच. लिंक मी काढणार नाही. ज्या दिवशी तुमचा नियम दोन-तीन टीमनी खरंच पाळलेला दिसेल, त्या दिवशी बोलू.

हेडशॉट_हडपसर

आमच्याकडे लिंक मागणं चालूच राहील, त्यात बदल नाही. पण कंट्रोलर आणि सेंटिनलसाठी टाइमलाइन उघडून दोन राउंड बघायला हरकत नाही, तेवढं मी टीममध्ये बोलतो. @कोथरूडचा_कंट्रोलर, तो ओमेन अजून मोकळा असेल तर रविवारी संध्याकाळी आमच्याबरोबर स्क्रिमला (सरावाच्या मॅचला) पाठवा. मॅप बाइंड ठेवतो, असेंटवर त्याचं कौतुक ऐकून झालंय. जेटवाली, तुम्हीही या, समोरच्या टीममध्ये एक जागा आहे.