मदत हवी आहे: कांद्याच्या यंत्राचं पेटंट

लेथवाला: भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. कांद्याची पात छाटायचं यंत्र केलं, दोन वर्षं घातली त्यात. आता चाकणकडचा एक जण तेच बनवून विकतोय. पेटंट लगेच कसं मिळेल? पुण्यात ऑफिस कुठे आहे? घाई आहे.

मुळाकाठ: महाराष्ट्राचं पेटंट ऑफिस मुंबईत आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. लगेच मात्र काही मिळत नाही. यंत्रात नवीन काय? उलटे फिरणारे रोलर पात ओढतात, पातं कापतं, अशी यंत्रं आधीपासून आहेत.

लेथवाला: रोलर तेच. पण त्या जुन्या यंत्रांत मोठ्या कांद्याची मान पार खालून कापली जाते. इंचभर मान राहिली नाही तर कांदा साठवणीच्या चाळीत सडतो. माझ्या यंत्रात कसाही कांदा आला तरी मान इंचभर राहतेच. कशी ते लिहू?

मुळाकाठ: अजिबात नको! इथे लिहिलंत की ते जाहीर झालं.

पेठेतली: ट्रेडमार्क घ्या ना. माझ्या बहिणीने मसाल्यांसाठी घेतलाय.

मुळाकाठ: ताई, ट्रेडमार्कने नाव राखलं जातं, यंत्र नाही. डिझाइनची नोंदणीही फक्त दिसण्याची.

डिझेलइंजिन: माहितीतल्या वस्तू एकत्र बसवल्या तर कायद्याने तो शोध नाहीच, कलम 3 वाचा. आणि पेटंट मिळालं तरी कोर्टात तुम्हालाच भांडायचंय. पंपाच्या सीलची नक्कल पकडून मी वकिलाची फी भरत बसलो. सर्व्हिस चांगली द्या, गिऱ्हाईक टिकतं.

मुळाकाठ: नुसत्या शेजारी बसवल्या आणि प्रत्येक आपापलं काम करत राहिली, तर शोध नाही. एकत्र येऊन आधी न होणारं काम करत असतील तर मुद्दा मांडता येतो. लेथवाला, यंत्र कुणी पाहिलंय?

लेथवाला: कुणी नाही. दिवाळीत यूट्यूबवर व्हिडिओ टाकला तेवढाच.

मुळाकाठ: अहो, मग जगाने पाहिलं! अर्जाआधी उघड झालेलं नवीन धरत नाहीत, स्वतः दाखवलं तरी.

परसबाग: आपल्या पुण्यातल्या एनसीएल प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख असताना हळदीचं अमेरिकन पेटंट 1997 मध्ये रद्द झालं. केवढा अभिमान वाटला होता!

मुळाकाठ: तेही जुन्या लिखाणाच्या पुराव्यावरच. तोच न्याय या व्हिडिओला.

दस्तऐवज: नकाशे स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवा, शिक्क्याची तारीख पुरावा होते.

मुळाकाठ: त्याने पेटंटचा हक्क मिळत नाही. अर्जाची तारीख लागते.

लेथवाला: पण व्हिडिओत मानेची सोय नाहीये. ती संक्रांतीनंतर बसवली. चाकणवाल्याकडेही नाही.

मुळाकाठ: हे आधी सांगायचंत! तेवढ्या सोयीवर तात्पुरता अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन फी 1600 रुपये, पूर्ण तपशील 12 महिन्यांच्या आत. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. चाकणवाल्याचं आत्ताचं यंत्र मात्र त्याने थांबणार नाही. नवं यंत्र कुणाला विकलंय?

लेथवाला: नाही. एकच आहे, मंचरला मामांच्या चाळीत. त्यांना आत्ताच फोन करतो, ताडपत्री टाकून ठेवतील.