रिलीजची की बिल्डच्या लॉगमध्ये उघडी पडली. लॉग पुसणे पुरेसे आहे का?

प्रश्न (महापे, नवी मुंबई)
आमच्या सात जणांच्या टीमचे रिलीज गिटहब ॲक्शन्समधून (बिल्ड आणि रिलीज आपोआप चालवणारी सेवा) एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) जाते आणि त्यासाठीची ॲक्सेस की दोन वर्षांपासून रेपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) सिक्रेट्समध्ये, म्हणजे गुप्त मूल्यांच्या कप्प्यात, आहे. डिप्लॉय कुठे अडते ते पाहण्यासाठी एका सहकाऱ्याने ती बेस६४ करून (वेगळ्या अक्षररूपात बदलून) लॉगमध्ये छापली. एरवी तिथे तीन तारका दिसतात; या वेळी पूर्ण ओळ दिसली. तो लॉग आम्ही पुसला आहे. आणखी काही करावे का?

उत्तर (वागळे इस्टेट, ठाणे)
पुरेसे नाही. गिटहब सिक्रेटचा मूळ मजकूर ओळखून झाकते, त्याचे रूप बदलले की ते ओळखले जाईलच याची खात्री नसते. आणि पुसण्याआधी तो लॉग कोणी उतरवून घेतला, हे आपल्याला ठामपणे सांगता येणार नाही. म्हणून जुनी की आजच, रिलीज थांबले तरी चालेल, पण निष्क्रिय करा आणि क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसच्या व्यवहारांच्या नोंदवहीत) तिच्या आयडीने झालेले व्यवहार तपासा. तेथील इव्हेंट हिस्टरीत मागील ९० दिवसांच्या नोंदी मिळतात.
त्यानंतर कायमची की ठेवूच नका. ओआयडीसी (कायमच्या कीऐवजी टोकनने ओळख पटवण्याची पद्धत) वापरल्यास प्रत्येक जॉबला गिटहब सही केलेले टोकन देते, एडब्ल्यूएस ते पडताळते आणि रोलची (ठरावीक अधिकारांच्या संचाची) तात्पुरती ओळख देते, जिची मुदत सहसा एक तासाची असते.

उत्तर (ऐरोली)
यात एक अडचण आम्ही स्वतः दोन दिवस सोसली आहे. ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोणाला द्यायचा याच्या नियमांत) ‘सब’वर (टोकनमधील जॉबची ओळख सांगणाऱ्या भागावर) मेन ब्रँचची (कोडच्या मुख्य शाखेची) अट घातली होती, पण जॉबला एन्व्हायर्नमेंट (रिलीज जिथे जाते त्या ठिकाणाचे नाव) जोडल्यावर त्या जागी ब्रँचऐवजी एन्व्हायर्नमेंटचे नाव येऊ लागले आणि रोल मिळेना. वैतागून तिथे तारका (म्हणजे काहीही चालेल) टाकण्याचा मोह होतो. तो कृपया टाळा, कारण मग त्या रेपॉझिटरीच्या कोणत्याही ब्रँचला रिलीजचा अधिकार मिळतो.
शिवाय बाहेरच्या ॲक्शन्स (इतरांनी लिहिलेले तयार टप्पे) टॅगने (आवृत्तीच्या हलवता येणाऱ्या नावाने) न घेता ४० अक्षरी कमिट हॅशने (कोडच्या नेमक्या स्थितीच्या न बदलणाऱ्या ओळखीने) घ्या. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’चे टॅग हल्लेखोरांनी दुसऱ्याच कमिटकडे वळवले आणि त्या कोडने रनरच्या (जॉब चालवणाऱ्या यंत्राच्या) मेमरीतील सिक्रेट्स लॉगमध्ये छापली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. जुनी की दुपारी निष्क्रिय केली. क्लाउडट्रेलमध्ये अनोळखी आयपी आढळला नाही. मात्र आमच्या वर्कफ्लोमध्ये पाच ॲक्शन्स अजून टॅगवरच आहेत, त्या आज रात्रीच्या रिलीजआधी बदलत आहोत.