मदत हवी आहे : उडी मारणारी मुंगी मुंबईत कुणी पाहिली आहे का?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पायवाटेच्या कडेला एक लांबट, तपकिरी मुंगी दिसली. मोठे टपोरे डोळे, पुढे चिमट्यासारखे लांब जबडे, आणि बोट जवळ नेताच चक्क उडी! माझ्या मते ही हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर (उडी मारणाऱ्या मुंगीचं शास्त्रीय नाव). फोटो हलला आहे, त्यामुळे जाणकारांचं मत हवंय.

ही मुंगी रांगेत चालत नाही, एकटीच भक्ष्य शोधते आणि नजरेने हेरून झडप घालते. वारूळ जमिनीखाली आणि वसाहत छोटी, फार तर काहीशे मुंग्यांची. राणी मेली की कामकरी मुंग्या आपसात मिशांनी झुंजतात आणि जिंकणाऱ्या काही जणी अंडी घालू लागतात. आंब्याची पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या सगळ्यांना माहीत असतात, हिच्याकडे मात्र लक्षच जात नाही.

राष्ट्रीय उद्यान, आरे किंवा तुंगारेश्वर भागात कुणाला दिसली असेल तर महिना, वेळ, जमीन कशी होती (पालापाचोळा, सावली, ओल) एवढं कळवाल का? नकाशावर नेमकं ठिकाण जाहीर टाकू नका, मला वेगळं सांगा. आणि वारूळ न उकरता नोंद कशी ठेवायची, हेही कुणी सांगा. जिथे दिसली तिथेच पाचोळा गोळा करून जाळलेला होता. जीव कळवळला. अशा वेळी वनखात्याकडे अर्ज कसा करायचा?