‘टीओडी’ला मराठीत काय म्हणायचं?

शहापूर, बेळगाव : चंदगडला बहिणीकडे लाईट बिल बघितलं. स्मार्ट मीटर बसल्यापासून त्यात ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे, म्हणजे कुठल्या वेळी वीज वापरली त्यावर दर) सवलतीची ओळ येते. आमचं हेस्कॉमचं (इथली कर्नाटकची वीज कंपनी) बिल कन्नडमध्ये, त्यात घरगुतीला असलं काही नाही. मराठी शब्द कुठला? ‘दिवसाचा दर’ म्हटलं तर आई विचारते, आता रोज वेगळा दर लागणार काय?

खानापूर : ‘वेळवार दर’ म्हणा. जिल्हावार, खातेवार म्हणतोच की. ‘वेळनिहाय’ कागदावर बरा. ‘कालाधारित मूल्यनिर्धारण’ सुचवणाऱ्याला लांबूनच नमस्कार. आणि स्लॅबशी गल्लत नको. किती युनिट जाळली यावर स्लॅब. कधी जाळली यावर वेळवार.

निपाणी : माझी तक्रार ‘पीक अवर’वर आहे, म्हणजे विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्या वेळेच्या नावावर. ‘पीक अवरला वीज महाग’ असं देवनागरीत वाचलं की आमच्या ऊसपट्ट्यात लोक बोअरच्या मोटरीकडे बघणार! गंमत अशी, की वेळवार दराबद्दलच्या केंद्राच्या जून 2023 च्या नियमांतल्या सक्तीतून शेतीला वगळलंय. ‘चढी वेळ’ लिहा. भाव चढे असतात, तशीच वेळ चढी.

उद्यमबाग : फाउंड्रीवाले सरळ ‘रात्रीचा रेट’ म्हणतात. मोठ्या उद्योगांना इथे वेळवार दर जुनाच आहे, त्यामुळे स्वस्त वीज म्हणजे रात्रीची हे डोक्यात पक्कं. नव्या नियमांत मात्र दुपार स्वस्त, कारण सौर वीज तेव्हा भरपूर असते. ‘सौर तास’ दिवसाला आठ, त्यात दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी. चढ्या वेळेला घरगुतीला किमान 1.10 पट. हे सगळं फक्त वीज आकारावर. स्थिर आकार जिथल्या तिथे.

खानापूर : ‘सौर तास’ही फसवा आहे. छपरावर पॅनल असणाऱ्यांनाच सवलत, असं ऐकणाऱ्याला वाटतं. ‘उन्हाची वेळ’ म्हटलं तर कुणी अडणार नाही.

चंदगड : मीच ती बहीण. महावितरणची ही सवलत 1 जुलै 2025 पासून, सकाळी 9 ते सायंकाळी 5, युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया. घरघंटी आणि इस्त्री आता दुपारी उरकते. गीझर कसा सरकवणार? पोरांना आंघोळ सातच्या आत लागते. शेजारची दोघंही नोकरीवर जातात, त्यांचा दुपारी फ्रिज तेवढा चालू. ‘सवलत’ शब्द छान आहे, पण ती घरात असणाऱ्याला.

शहापूर, बेळगाव : आमची मोटर तर नळाला पाणी सुटेल तेव्हा चालते; तिथे उन्हाची वेळ न् चढी वेळ कोण बघतो! शिवाय कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांच्या आत, ठरलेल्या मर्यादेत बसलं की बिल शून्य. शून्याचे 20 टक्के कमी करून काय मिळणार? ‘वेळवार दर’ लिहून घेतला. आईला ‘उन्हाची वेळ’ लगेच कळली, ‘चढी वेळ’ मात्र तिला ताप चढल्यासारखी वाटते. दुसरा शब्द असेल तर सांगा.