मदत हवी आहे: एक्झेकने पावती छापायला लावली की भुईकाट्याचं वजन तुटक येतं, लॉकही अडकतो

काटेवाला_पेठरोड

नमस्कार मंडळी. नाशिकला पेठ रोडवर एका व्यापाऱ्याच्या गोदामातला भुईकाटा माझ्या गळ्यात पडलाय. म्हणजे काटा नाही, त्याचा पीसी. आधीचा माणूस सी मधला एक प्रोग्राम मागे ठेवून गेला. लिनक्स आहे. इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सिरियल पोर्टवर सतत वजन पाठवतो, प्रोग्राम ते वाचतो, ऑपरेटरने बटण दाबलं की पावती छापणारा वेगळा प्रोग्राम चालवतो.

पूर्वी हे सिस्टम फंक्शनने व्हायचं. ते शेलमधून (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधून) दुसरा प्रोग्राम चालवतं आणि तो संपेपर्यंत थांबतं. पावती निघेपर्यंत वाचन ठप्प, आणि पार्टीच्या नावात '&' असला की (शेल त्याला खास खूण समजतं) नाव तिथेच तुटायचं. म्हणून मी फोर्क करून (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत काढून) त्या प्रतीत, म्हणजे चाइल्डमध्ये, एक्झेकव्हीपी लावलं; ते प्रतीच्या जागी पावतीचा प्रोग्राम बसवतं. ते दोन्ही त्रास गेले, पण हे दोन आले:

पावतीचा प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्यापासून पावती निघत नाही. ते समजू शकतो. पण एकदा बटण दाबलं की वजनच बिघडतं. ट्रॉलीचं १४३८० यायला हवं तिथे कधी १४, कधी ३८०. प्रोग्राम पूर्ण बंद करून चालू केला की पुढच्या बटणापर्यंत ठीक.

दुसरं, कागद अडकून छपाई लटकली होती. ऑपरेटरने मुख्य प्रोग्राम बंद करून परत लावला, तर म्हणतो 'आधीच चालू आहे'. सुरुवातीला एका फाइलवर फ्लॉक (फाइलचं कुलूप) घेतो, त्यावरून तो हे ठरवतो. पीएस (चालू प्रोग्रामची यादी) मध्ये मुख्य प्रोग्राम नाहीच, फक्त लटकलेला पावतीवाला. एक्झेकने अख्खा प्रोग्राम बदलतो ना? मग जुन्याचा लॉक राहिला कुठे? उन्हाळ कांद्याची आवक चालू आहे, ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागतात, दरवेळी रीबूट करत बसलो तर शेतकरी मला काट्यावर ठेवतील.

सातपूरचा_सी

चाइल्डमध्ये एक्झेकच्या पुढच्या ओळीला काय लिहिलंय?

काटेवाला_पेठरोड

लॉगमध्ये 'पावती सुरू झाली नाही' लिहितो. मग इफ संपतो आणि परत वाचनाचा लूप.

सातपूरचा_सी

मग सापडलं भाऊ. एक्झेक जमलं तर परत येतच नाही, पुढची ओळ चालवायला जुना प्रोग्राम उरलेलाच नसतो. परत आलं याचा अर्थ एकच, ते फसलं. उणे एक मिळतो, कारण एर्नो या व्हेरिएबलमध्ये. तुमच्याकडे फाइल जागेवर नाही म्हणून फसलं, आणि चाइल्ड इफच्या बाहेर पडून वाचनाच्या लूपमध्ये शिरला. आता तुमचेच दोन प्रोग्राम एका पोर्टवर बसलेत. पोर्टवर आलेला बाइट जो आधी वाचेल त्याचा. १४ एकाने उचलले, ३८० दुसऱ्याने.

एक्झेकच्या लगेच खाली अंडरस्कोरवाला एक्झिट टाका, कोड १२७. 'कमांड सापडली नाही' म्हणून शेलही हाच देतो. साधा एक्झिट नको. फोर्कच्या वेळी प्रिंटएफचा जो मजकूर बफरमध्ये अडकलेला असतो त्याची प्रत चाइल्डकडेही जाते आणि साधा एक्झिट ती बाहेर टाकतो. लॉगमध्ये एकच ओळ दोनदा दिसत असेल तर ती यामुळेच.

आणि पूर्ण पाथ द्या. एक्झेकव्हीपीतला पी म्हणजे पाथ व्हेरिएबलमध्ये शोधाशोध. टर्मिनलवर मिळणारा पाथ पीसी चालू होताना आपोआप सुरू झालेल्या प्रोग्रामला मिळेलच असं नाही.

इंदिरानगर_०९

एवढं कशाला, पीओपन (दुसरा प्रोग्राम चालवणारं तयार फंक्शन) वापरा, दोन ओळीत काम.

सातपूरचा_सी

पीओपनही शेलमधूनच जातं. त्यांचा '&' चा त्रास परत येईल.

टर्मिनलताई

लॉकचं मी सांगते. एक्झेकने प्रोग्राम बदलतो, प्रोसेस तीच राहते. कोड, स्टॅक, हीप सगळं नवं, पण पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) तोच आणि उघड्या फाइल्सही तशाच. फोर्कने चाइल्डकडे मुख्य प्रोग्रामचे सगळे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल्सचे क्रमांक) आले, एक्झेकनंतरही उघडेच राहिले. फ्लॉक प्रोसेसला नाही, त्या उघडलेल्या फाइलला चिकटलेला असतो. शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत तो सुटत नाही, आणि शेवटचा लटकलेल्या पावतीवाल्याकडे आहे. खात्री करायची तर प्रोक या सिस्टमच्या फोल्डरमध्ये त्याच्या पीआयडीच्या फोल्डरात एफडी उघडून बघा. लॉक फाइल आणि सिरियल पोर्ट दोन्ही तिथे दिसतील. म्हणजे रीबूटही नको, त्या एकाला किल केलं की पुरे.

कायमचा उपाय: दोन्ही फाइल्स ओपन करतानाच ओ_क्लोएक्झेक फ्लॅग द्या. एक्झेक यशस्वी झालं की चाइल्डमधले ते डिस्क्रिप्टर कर्नल आपणहून बंद करतं. लॉक मुख्य प्रोग्रामकडे शाबूत राहतो. मात्र चाइल्डमध्ये 'अनलॉक' करायला जाऊ नका, लॉक दोघांचा एकच आहे, मुख्य प्रोग्रामचाही सुटेल.

काटेवाला_पेठरोड

ताई, दादा, दोन्ही लागू पडलं. एफडी फोल्डरात खरंच सिरियल पोर्ट दिसला, पावती छापणाऱ्याला त्याचं काय काम!

आता नवीन. पीएस मध्ये प्रत्येक पावतीमागे एक डिफंक्ट (संपलेली पण यादीतून न गेलेली प्रोसेस) दिसत होता. नेटवर वाचून सिगचाइल्ड सिग्नल (चाइल्ड संपल्याची वर्दी) इग्नोर केला, डिफंक्ट गेले. पण आता प्रत्येक पावती दोनदा छापते. पावतीच्या प्रोग्रामला हातही लावला नव्हता.

टर्मिनलताई

तो आतमध्ये सिस्टम फंक्शनने एलपी (छपाईची कमांड) चालवतो का? आणि उणे एक आला की पुन्हा छापतो?

काटेवाला_पेठरोड

हो, दोन्ही. तुम्हाला कसं कळलं?

टर्मिनलताई

सिग्नलसाठी लिहिलेला हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) एक्झेकनंतर डिफॉल्टवर जातो, पण 'इग्नोर' तसाच पुढे जातो. लिनक्सवर सिगचाइल्डचंही तेच. त्यामुळे पावतीवाल्याची मुलंही (त्याने सुरू केलेल्या प्रोसेस) संपली की परस्पर साफ होतात. सिस्टम फंक्शन एलपीचा निकाल मागायला जातं तेव्हा कर्नल म्हणतं, असं मूलच नाही. छपाई झालेली असते, उत्तर उणे एक येतं, तो परत छापतो.

इग्नोर काढा. वाचनाच्या लूपमध्येच वेटपीआयडी (संपलेल्या चाइल्डचा निकाल घेणारं फंक्शन) बोलवा, डब्ल्यूनोहँग देऊन, म्हणजे ते थांबणार नाही. शून्य किंवा उणे एक येईपर्यंत फिरवा, कारण एकाच वेळी दोन पावत्या संपलेल्या असू शकतात. शिवाय एक्झिट कोड हातात येतो. १२७ आला तर ऑपरेटरला स्क्रीनवर दाखवा की पावतीचा प्रोग्रामच सापडला नाही.

काटेवाला_पेठरोड

केलं. एक ट्रॅक्टर, एक पावती. १२७ साठी लाल पट्टी टाकतोय.