थंडी, पोथी आणि कोंबड्या: आपापले अनुभव लिहा

घाटमाथा:
काल लिफ्टमध्ये कुणाचा तरी फोन वाजला, रिंगटोन म्हणून कोंबड्याचं आरवणं! थेट आजोळ आठवलं. शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी आजोबा गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसायचे. एकवेळ जेवण, घोंगडीवर झोप. आणि घरात कोंबड्या! सोवळ्याची सगळी कसरत आजीची. आंघोळीआधी खुराड्याची फळी काढायची, कण्या टाकायच्या, मग न्हाणीत. त्यानंतर कोंबड्यांचं खातं आम्हा पोरांकडं. सोप्यात कोंबडी शिरू द्यायची नाही, एवढीच नोकरी. कानटोपी घालून उन्हात बसायचं, आतून ओव्या कानावर यायच्या, डोळे मिटायला लागायचे.

दुसऱ्या दिवशी अठराव्या अध्यायापर्यंत वाचन. तो घेवड्याचा अध्याय. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाकडं गुरू भिक्षेला येतात, शेंगा जेवतात आणि जाताना दारचा वेलच उपटतात. बाई रडते, मग मूळ खणताना धनाचा कुंभ सापडतो. सगळं आमच्याच पंचक्रोशीतलं, त्यामुळं आम्हाला ती शेजारच्या घरातली गोष्ट वाटायची. नेमकं त्याच दुपारी तांबड्या कोंबडीनं परसातला घेवडा मुळासकट उकरला. आजी कमरेवर हात ठेवून तिला म्हणाली, "उपटलीस खरी, आता हंडा बी काढ!" आजोबा वाचताना मधे कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी ओवी अडली आणि आतून हसू ऐकू आलं.

तुमच्याकडं काय असायचं? लिहा.

परसदार:
हंडा बी काढ, हाहाहा. आमच्याकडे गुरुचरित्र बाबांनीच वाचायचं, बायकांनी नाही. आईला मात्र ऐकून ऐकून पाठ. बाबा ओवी चुकले की स्वयंपाकघरात पळी आपटायची. बाबा मागं जाऊन परत वाचायचे.

निशिगंधा७७:
पळीबद्दल आईंना दंडवत. मी स्वतः वाचते, सासूबाईंनीच सुरू करून दिलं. कुणी काही म्हणत नाही आता. कोंबड्या नाहीत पण, फ्लॅट.

बावखल:
आम्ही वसईचे, पोथीच्या जागी बायबल. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीचे चार रविवार, घरात दर रविवारी एक मेणबत्ती वाढायची. कोंबड्या कोंडल्या की रोझरी, मग आजोबा एक उतारा वाचणार. एक कोंबडा वेळ-काळ न बघता ओरडायचा. रोझरीत ओरडला की बाबा सगळ्यांकडे बघून हळूच, "आज कुणी नाकारलं रे?" कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, ही बायबलमधली गोष्ट माहीत असलेले फिस्सकन हसायचे आणि आजी डोळे वटारायची. त्याचं नाताळला काय झालं ते आम्हा मुलांना कधी सांगितलं नाही. आम्हीही ताटात बघून विचारलं नाही.

घाटमाथा:
बावखल, शेवटच्या ओळीला नमस्कार.

लेअरवाला:
थंडीत अंडी कमी होतात म्हणून कुणी सोवळ्याओवळ्याला बोल लावू नका. दिवस लहान असतो. भरपूर अंड्यांसाठी साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो, डिसेंबरात आपल्याकडे जेमतेम ११ मिळतो. पहाटे बल्ब लावला तर फरक पडतो. शिवाय पिसं झडत असतील तर अंडी थांबतातच. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र चुकवू नका, पिल्लांना पहिल्या आठवड्यातच लासोटा, डोळ्यात थेंब. धाग्याशी संबंध नाही, पण राहवलं नाही.

परसदार:
असू दे हो दादा, इथे सगळं चालतं. गावठी अंडं कितीला देता?

लेअरवाला:
गावठी नाहीत माझ्याकडे. नावात बघा, लेअर म्हणजे फार्मवरच्या अंड्यांच्या कोंबड्या.

बर्फातली_बाई:
मिशिगनमधून. इथं अंडं वेळेत उचललं नाही तर गोठून तडकतं. तुऱ्याला हिम चावू नये म्हणून व्हॅसलिन चोपडते. कोंबडीला पकडून तुऱ्याला व्हॅसलिन लावणारी बाई बघून शेजारी काय म्हणत असतील देव जाणे. २०२५ च्या सुरुवातीला बर्ड फ्लूमुळे अंडी महागली तेव्हा तेच शेजारी फार गोड बोलायचे. खुराडं साफ करताना कानात हरिपाठ, दोन्ही कामं एकदम उरकतात.

निशिगंधा७७:
कोंबडा पण आहे का?

बर्फातली_बाई:
नाही गं, आमच्या गावात परवानगी नाही. फक्त माद्या.

तुळशीमाळ:
आमची आजी माळकरी, आजोबा रस्सा ओरपणारे. कोंबड्या आजीच्या, खाण्यासाठी नाहीत, अंडी आठवडी बाजारात. त्या पैशातून कार्तिक वद्य एकादशीला आळंदी. काका चिडवायचे, वारीला कोंबडीचे पैसे चालतात का? आजी म्हणे, "कंडक्टरनं कधी विचारलं नाही बाबा." आळंदीहून आली की रोज दुपारी अंगणात ज्ञानेश्वरी, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत. एक पांढरी कोंबडी लुगड्याच्या घोळावर येऊन बसायची. पान उलटताना कोंबडी हलू नये म्हणून आजी तशीच अवघडून वाकायची, पाठ दुखली तरी.

बावखल:
कंडक्टर!! आईला वाचून दाखवलं, ती अजून हसतेय.

चिंचेचीसावली:
वाचतेय सगळं, कुकर लावून येते. तोवर कुणीतरी सांगा, खुडूक बसलीय, थंडीत अंडी ठेवू का?

लेअरवाला:
ठेवा. टोपलीत पेंढा, वारा न लागणारा कोपरा. २१ दिवस. पिल्लं निघाली की ऊब लागेल, बल्बची सोय आधी करा. मुंगसाचं बघा.

चिंचेचीसावली:
शनिवारी लग्नाला जायचंय पण. जावेकडे टोपली नेऊन ठेवली तर उठेल का ती?

तुळशीमाळ:
दिवसा नेऊ नका, उठेल. रात्री अंधारात टोपलीसकट उचला, वर पातळ फडकं टाका. कुणाचं लग्न?

चिंचेचीसावली:
नणंदेच्या मुलीचं. कराडला.